बॅटरी वाचली, इशारा राहून गेला

वळवाचा पाऊस महाराष्ट्रात बहुधा दुपार टळल्यावर येतो आणि विजा सोबत घेऊन येतो. एप्रिल ते जून या काळात, आणि पुन्हा परतीच्या पावसात, मराठवाडा-विदर्भात शेतात काम करणारी माणसे आणि झाडाखाली बांधलेली जनावरे वीज पडून दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर वरचेवर येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत देशभरात विजेने प्रत्येकी २,८०० हून अधिक बळी घेतले. हे मृत्यू कमी व्हावेत म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप तयार केले. वीज नेमकी कोठे पडते आहे हे टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे संस्थेने देशभर उभारले आहे. त्याच्या आधारे आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत असल्यास हे ॲप फोनवर सूचना देते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्यामार्फत आणि जिल्हा प्रशासनाच्या पत्रकांतून शेतकऱ्यांना ते डाउनलोड करण्याचे आवाहन दर उन्हाळ्यात केले जाते.

आता या ॲपचे वर्ष कसे जाते ते पाहू. मे महिन्यात गावातल्या एखाद्या कार्यक्रमात शेतकरी ते फोनमध्ये घेतो, स्थान समजण्याची परवानगी देतो, जूनमध्ये दोन-चार वेळा उघडून पाहतो. परतीचा पाऊस सरला की ते उघडण्याचे काहीच कारण उरत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल आभाळ बहुतेक कोरडे असते. या सहा महिन्यांत फोन एक गोष्ट पाहत असतो, ती म्हणजे मालक या ॲपला हात लावत नाही. त्यावरून तो ठरवतो की हे ॲप बिनकामाचे आहे, आणि त्याला टप्प्याटप्प्याने झोपवत नेतो. पुढच्या मे महिन्यात पहिला गडगडाट होतो, तेव्हा ज्या ॲपने जागे असायला हवे ते सर्वांत गाढ झोपेत असण्याची शक्यता असते, आणि मालक मात्र आपल्या खिशात ‘दामिनी’ आहे या भरवशावर रानात असतो.

हे एखाद्या कंपनीच्या बिघडलेल्या फोनचे वर्णन नाही. फोन ठरवल्याप्रमाणे नीट चालला तर असे होऊ शकते, आणि म्हणूनच हा सार्वजनिक प्रश्न आहे. बॅटरी वाचवण्यासाठी कोणते ॲप जागे ठेवायचे आणि कोणते झोपवायचे, हा निर्णय आज फोन बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः ‘किती वेळा वापरले’ या मापाने, आपापल्या पद्धतीने आणि मालकाला जवळजवळ न कळवता घेतात. बॅटरी वाचवावी, अवश्य वाचवावी. पण माणसाच्या जिवाशी किंवा पोटाशी संबंध असलेला इशारा थांबवायचा असेल तर तो थांबवला आहे हे त्या माणसाला सांगणे ही फोनची जबाबदारी आहे, आणि ती कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता नियमाने बांधली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हा बंदोबस्त मुळात का आला हे समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. स्मार्टफोनच्या पहिल्या काही वर्षांत प्रत्येक ॲप आपापल्या सवडीने इंटरनेटवर जाऊन ‘माझ्यासाठी काही नवे आहे का’ असे विचारत असे. मोबाइलचा रेडिओ, म्हणजे मनोऱ्याशी बोलणारा भाग, एकदा जागा झाला की दोन अक्षरे पाठवून लगेच विझत नाही. पुढची देवाणघेवाण येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जास्त वीज खात तसाच थांबतो. वीस ॲप वेगवेगळ्या मिनिटांना रेडिओला उठवू लागली की त्याला झोपायला वेळच मिळत नाही. त्यात काही ॲप प्रोसेसरला झोपू न देण्याची परवानगी घेऊन ती परत करायला विसरत. रात्री ऐंशी टक्क्यांवर ठेवलेला फोन सकाळी वीस टक्क्यांवर सापडे, आणि दोष कोणाचा हे मालकाला कळण्याचा मार्ग नसे.

गूगलने २०१५ साली फोन चालवणाऱ्या आपल्या प्रणालीत, अँड्रॉइड ६ मध्ये, ‘डोझ’ ही सोय आणली ती यावर उपाय म्हणून. फोन चार्जिंगला नाही, पडदा बंद आहे आणि फोन काही वेळ हललेला नाही असे दिसले की प्रणाली ॲपचे इंटरनेट तोडते, त्यांची ठरवलेली कामे पुढे ढकलते आणि मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडून सगळ्यांना एकदम काम उरकू देते. फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितक्या या खिडक्या विरळ होत जातात. तातडीच्या निरोपासाठी एक वाट मोकळी ठेवली आहे: सर्व्हरने गूगलच्या निरोप-सेवेतून ‘उच्च प्राधान्य’ असा शिक्का मारून सूचना पाठवली तर ती झोपलेल्या फोनलाही उठवते. वीस ॲपनी वीसदा विचारण्यापेक्षा एकाच वाहिनीवर सगळ्यांचे निरोप यावेत ही रचना अभियांत्रिकीच्या दृष्टीने उत्तम आहे. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ ने खिशात हलणाऱ्या फोनलाही यातला सौम्य प्रकार लागू केला, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने पार्श्वभूमीत, म्हणजे ॲप समोर उघडे नसताना, चालणाऱ्या कामांवर आणि स्थान विचारण्यावर मर्यादा आणल्या. ज्या गावात दिवसाचे भारनियमन ठरलेले आहे आणि चार्जिंगची पिन मिळेल तेव्हा लावून घ्यावी लागते, तिथे या सुधारणांचे मोल शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही.

खरी गाठ बसली ती २०१८ साली. अँड्रॉइड ९ ने प्रत्येक ॲपला त्याच्या वापरावरून श्रेणी द्यायला सुरुवात केली: आत्ता चालू असलेले, रोजच्या वापरातले, वरचेवर लागणारे आणि क्वचितचे. श्रेणी जितकी खालची तितकी पार्श्वभूमीतल्या कामाची मुभा कमी. नंतर त्याखाली ‘प्रतिबंधित’ अशी आणखी एक श्रेणी आली. तिच्यात गेलेल्या ॲपला ठरवलेली कामे दिवसातून एकदाच, दहा मिनिटांच्या एका खिडकीत उरकावी लागतात. अँड्रॉइड १२ मध्ये ४५ दिवस हात न लावलेले ॲप या श्रेणीत जाण्यास पात्र ठरत असे. अँड्रॉइड १३ मध्ये ही मुदत ८ दिवसांवर आणली गेली. आठ दिवस म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात एक पाण्याची पाळीसुद्धा नव्हे. याच्याही खाली २०२१ सालच्या अँड्रॉइड १२ ची ‘हायबरनेशन’ ही व्यवस्था आहे. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेतल्या जातात, त्याची पार्श्वभूमीतली कामे बंद होतात आणि उच्च प्राधान्याची सूचनासुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही. तातडीसाठी राखलेली ती मोकळी वाटही इथे बंद होते. मालकाने ॲप स्वतः उघडले तरच ते पुन्हा जागे होते.

ही व्यवस्था खेळ, खरेदी, फोटो सजवणे यांसाठी अगदी योग्य आहे. एकदा उघडून विसरलेल्या अशा ॲपने आपले स्थान आणि संपर्क चोरत बसू नये, हे चांगलेच आहे. पण धोक्याचा इशारा देणाऱ्या साधनाचे मोल ते किती वेळा उघडले यावरून ठरत नाही. वर्षभरात चोर आला नाही म्हणून रखवालदाराला घरी पाठवणारी सोसायटी कोणी शहाणी म्हणणार नाही. विजेचा इशारा, पुराचा इशारा, औषधाची आठवण, रक्तातली साखर घसरल्याची घंटा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने दाबलेले मदतीचे बटण ही सगळी साधने न उघडताच उपयोगी पडायची असतात. ॲप न उघडणे हे अशा वेळी सगळे ठीक चालल्याचे लक्षण असते, आणि फोन त्याचाच अर्थ ‘नको असलेले’ असा लावतो. वापराची वारंवारता आणि महत्त्व या दोन गोष्टी एकच मानणे ही या रचनेतली मूळ चूक आहे.

मधुमेहाचे उदाहरण याबाबत सर्वांत स्पष्ट आहे. ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते अशा अनेकांच्या दंडावर किंवा पोटावर आता ग्लुकोज सेन्सर असतो. तो काही मिनिटांच्या अंतराने साखरेचा आकडा ब्लूटूथने फोनला पाठवतो आणि पातळी धोक्याच्या खाली किंवा वर गेली की फोन वाजतो. झोपेत साखर घसरणाऱ्या रुग्णासाठी, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या त्याच्या आईवडिलांसाठी, ती घंटा म्हणजे सर्वस्व असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा साधनांच्या वापरकर्त्यांना जाहीर इशारा दिला. इशारे चालू केले आहेत असे लोकांना वाटत होते, पण फोनच्या सेटिंगमुळे ते आले नाहीत किंवा ऐकू गेले नाहीत अशा तक्रारी प्रशासनाकडे आल्या होत्या, आणि त्यांतून साखर घातक पातळीपर्यंत घसरणे, अतोनात वाढणे आणि मृत्यू अशी गंभीर हानी झाली असण्याची शक्यता प्रशासनाने नोंदवली. कारणांमध्ये सूचनांची परवानगी नसणे, ‘व्यत्यय नको’ ही अवस्था, नवा हेडफोन किंवा गाडीचा ब्लूटूथ जोडणे, प्रणालीचे अपडेट आणि काही काळ न वापरल्याने ॲप गाढ झोपेत जाणे यांचा उल्लेख होता. महिन्यातून निदान एकदा इशाऱ्यांची सेटिंग तपासावीत, असा सल्ला रुग्णांना देण्यात आला.

सल्ला व्यवहार्य आहे आणि तो पाळावाच. तरीही त्याच्या मुळाशी असलेली मांडणी मला मान्य नाही. फोनने काय बंद केले हे शोधून काढण्याचे काम त्यात रुग्णाच्या माथी मारले आहे. यंत्राला सगळे ठाऊक आहे. कोणते ॲप कोणत्या श्रेणीत आहे, ते कधी झोपवले, कोणती सूचना अडवली, याची नोंद त्याच्याकडे असते. ते बोलत नाही म्हणून माणसाने दर महिन्याला त्याची झडती घ्यायची, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

झडती घ्यायची म्हटली तरी ती सोपी असते असे नाही. नात्यातल्या एका वयस्कर बाईंच्या फोनमध्ये औषधांची आठवण करून देणारे एक साधे ॲप आम्ही बसवले. फोनमधल्या घड्याळाचा गजर वेळेवर होई, कारण प्रणाली गजराच्या ॲपला खास सवलत देते. औषधाची आठवण मात्र कधी अर्ध्या तासाने, कधी त्या फोन हातात घेत तेव्हा एकदम येई. ती वेळेवर यावी म्हणून काय करावे लागले ते सांगतो. प्रथम ‘ॲपची माहिती’ या पानावर जाऊन बॅटरीचा वापर ‘निर्बंध नाही’ असा केला. त्याच पानाच्या तळाशी ‘न वापरल्यास ॲपचे काम थांबवा’ असे बटण होते, ते बंद केले. नेमक्या वेळी गजर करण्याची परवानगी आणखी एका यादीत होती. अँड्रॉइड १४ पासून बहुतेक नव्या ॲपना ती आपोआप मिळत नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचे ‘ऑटोस्टार्ट’ नावाचे एक बटण वेगळ्याच ठिकाणी, सुरक्षेच्या ॲपमध्ये ठेवले होते. शेवटी ‘अलीकडची ॲप’ या पडद्यावर त्या ॲपला कुलूप लावले, म्हणजे सगळे पुसण्याच्या बटणाने ते जाणार नाही. यांतली कोणतीही एक पायरी राहिली असती तर बाकीच्या व्यर्थ होत्या, आणि कोणती राहिली हे फोन सांगत नव्हता. सत्तरीच्या बाईंनी हे स्वतः करावे अशी अपेक्षा कोणी करणार असेल तर त्याने ते एकदा त्यांच्या शेजारी बसून करून पाहावे.

गूगलची मूळ व्यवस्था निदान लेखी आहे; तिचे नियम ॲप बनवणाऱ्या विकासकांना वाचता येतात. त्यावर फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी जो आपापला थर चढवला आहे तिथे गोंधळ खरा वाढतो. सॅमसंगच्या फोनमध्ये झोपलेली, गाढ झोपलेली आणि कधीही न झोपणारी अशा ॲपच्या तीन याद्या असतात. शाओमीचे ऑटोस्टार्ट वेगळे, ओप्पो, विवो आणि वनप्लसचे मार्ग वेगळे. झोपेचे चक्र नोंदवणारे ॲप बनवणाऱ्या एका छोट्या चेक चमूला आपल्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देता देता अखेर ‘डोन्ट किल माय ॲप’ नावाचे संकेतस्थळच काढावे लागले. कोणती कंपनी पार्श्वभूमीतली ॲप किती निष्ठुरपणे मारते याची क्रमवारी आणि प्रत्येक फोनवरचे उपाय तिथे दिलेले आहेत. अँड्रॉइड वापरणाऱ्या कंपन्यांसाठी गूगलने केलेल्या सुसंगतता-नियमावलीत, कंपनीने स्वतःचे निर्बंध लावले तर निर्बंध घातलेल्या ॲपची यादी मालकाला पाहता यावी आणि प्रत्येक निर्बंध चालू-बंद करता यावा अशा अटी आहेत. २०२३ मध्ये सॅमसंगने गूगलबरोबर जाहीर केले की वन यूआय ६ (सॅमसंगचा अँड्रॉइडवरचा थर) पासून, नव्या नियमांप्रमाणे लिहिलेल्या ॲपच्या, सूचनापट्टीत दिसत चालू राहणाऱ्या सेवा ठरल्याप्रमाणे चालतील. हे स्वागतार्ह आहे, पण त्यातून एक गोष्ट उघड होते: तोपर्यंत त्या ठरल्याप्रमाणे चालतील याची हमी नव्हती, आणि आज जी आहे ती दोन खासगी कंपन्यांनी आपसात दिलेली आहे.

या थराचा आणखी एक परिणाम आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. व्हॉट्सॲपचे निरोप उशिरा येऊ लागले तर ग्राहक फोनलाच दोष देईल, हे प्रत्येक कंपनी जाणते. म्हणून कित्येक फोनमध्ये अतिलोकप्रिय ॲपना सवलतीच्या यादीत आधीच बसवलेले असते. कंपनीच्या स्वतःच्या ॲपचा प्रश्नच येत नाही. गूगलची भूकंपसूचना २०२३ पासून भारतात सुरू झाली, ती प्रणालीच्याच एका भागातून येते, त्यामुळे झोपेचे नियम तिला आडवे येत नाहीत. ते तसेच असले पाहिजे. पण मग पुण्यातल्या सरकारी संस्थेचे विजेचे ॲप, नाशिकच्या एखाद्या मुलाने द्राक्षबागायतदारांसाठी लिहिलेले पाणी-फवारणीचे ॲप, एखाद्या सहकारी दूध संघाचे ॲप यांनी काय करायचे? ग्राहकाला थेट ‘मला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा’ असे विचारणारा संवाद दाखवण्यावर प्ले स्टोअरच्या धोरणाने मर्यादा घातलेल्या आहेत. मोठ्याला न मागता मिळते आणि लहानाला मागण्याचीही अडचण, अशी ही स्थिती आहे. लहान ॲपच्या सूचना उशिरा येतात, ग्राहक त्याला एक तारा देतो, आणि ते ॲप वाईट लिहिले आहे असा सगळ्यांचा समज होतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता. त्या प्रकरणात आधीच बसवलेल्या ॲपचा मुद्दा मध्यवर्ती होता. झोपेच्या सवलतींची यादी हाही त्याच जातीचा प्रश्न आहे, असे मला वाटते. कोणाला जागे राहू द्यायचे हे जो ठरवतो, तो बाजार कोणाच्या हाती द्यायचा हेही ठरवत असतो.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना बगल देऊन चालणार नाही. पहिला आक्षेप असा की सवलत दिली की प्रत्येक ॲप आपण जीवरक्षक असल्याचा दावा करील. जाहिरातींच्या सूचनांवर उच्च प्राधान्याचा शिक्का मारण्याची सवय अनेक कंपन्यांना लागलेली आहेच. त्यामुळे सवलत ॲपच्या स्वतःच्या सांगण्यावरून देऊन चालणार नाही. ॲपलने २०१८ पासून ‘क्रिटिकल अलर्ट’ ठेवले आहेत. फोन मूक असला तरी वाजणारी ही सूचना पाठवायची तर विकासकाला आधी ॲपलची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीचा अधिकार एका कंपनीकडे असणे मला खटकते, पण छाननी करून मोजक्या ॲपना हक्क देता येतो हे त्यातून सिद्ध झाले आहे.

दुसरा आक्षेप स्वस्त फोनचा. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनमध्ये ॲप मरते ते पुष्कळदा बॅटरीसाठी नव्हे तर जागा पुरत नाही म्हणून. हे खरेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. कमी रॅमच्या त्या फोनवर पोषणाच्या नोंदींचे ॲप नीट चालत नाही, ही त्यांची तक्रार होती. जिथे यंत्रच अपुरे आहे तिथे कोणताही नियम चमत्कार करणार नाही. मात्र जागा नाही म्हणून बंद केले आणि वापर नाही म्हणून बंद केले, यांतले नेमके काय घडले हे सांगायला रॅम लागत नाही.

तिसरा आक्षेप सरकारी बाजूने येऊ शकतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सरकारकडे आता सेल ब्रॉडकास्ट आहे. २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी देशभर फोन एकदम कर्कश वाजले ते त्यामुळेच. मोबाइल मनोऱ्यावरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी जाणारा हा इशारा कोणत्याही ॲपवर अवलंबून नाही, त्याला इंटरनेट लागत नाही, बॅटरीच्या निर्बंधांशी त्याचा संबंध नाही. मग ॲपची काळजी कशाला? कारण सेल ब्रॉडकास्ट हा अधिकाऱ्याने किंवा यंत्रणेने एका भागासाठी द्यायचा इशारा आहे. पूर, चक्रीवादळ, धरणातून सोडलेले पाणी यांसाठी तोच योग्य. प्रत्येक गडगडाटी ढगासाठी तालुक्यातले सगळे फोन वाजू लागले तर आठवड्याभरात लोक ते बंद करतील. आणि एका रुग्णाची साखर घसरली हे सांगायला मनोरा कामाचा नाही. दोन्ही व्यवस्था लागतात.

कंपन्यांनी बॅटरीबाबत मौन बाळगणे किती महागात पडते याचा धडा आधीच मिळालेला आहे. जुन्या आयफोनची बॅटरी थकल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. तांत्रिकदृष्ट्या त्या उपायात तथ्य होते. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ॲपलला २.५ कोटी युरोंचा दंड केला तो ग्राहकांना सांगितले नाही म्हणून, आणि अमेरिकेतल्या दाव्यांत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. दरम्यान, २०१८ मध्येच, आयफोनमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारे पान आणि ती व्यवस्था बंद करण्याचे बटण आले होते. म्हणजे सांगणे अशक्य नव्हते. ॲप झोपवण्याच्या प्रश्नावर अजून असा जाब कोणी विचारलेला नाही. उलट बाजारातली सगळी बक्षिसे मौनालाच आहेत: फोनची परीक्षणे बॅटरी किती तास टिकली ते मोजतात, आणि युरोपीय संघाने जून २०२५ पासून फोनवर सक्तीच्या केलेल्या ऊर्जा-लेबलवरही एका चार्जिंगमध्ये फोन किती चालतो याचा आकडा आहे, सूचना वेळेवर पोहोचतात की नाही याचा रकाना नाही.

आपल्याकडे फोनच्या अंगभूत वागण्याविषयी सरकारने नियम केलेले नाहीत असे नाही. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक फोनमध्ये संकटकाळी दाबायचे बटण आणि नंतर जीपीएस सक्तीचे केले. भारतीय भाषांतला मजकूर फोनवर वाचता आला पाहिजे यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक लागू झाले, आणि आज स्वस्तातल्या स्वस्त फोनवर मराठी नीट दिसते त्यात त्याचाही वाटा आहे. त्याच धर्तीवर तीन गोष्टी मागता येतील. फोनने एखादे ॲप झोपवले आणि त्याची सूचना अडवली, तर मालकाला त्याच्या भाषेत ठळकपणे ते कळवावे. महिन्यातून एकदा ‘ही ॲप थांबवली आहेत’ असे ॲपच्या नावांसह एक पान समोर यावे. आज परवानग्या काढल्याची एक पुसट सूचना येते, पण ती इतर पन्नास सूचनांबरोबर बोटाने बाजूला सारली जाते. दुसरी गोष्ट, सगळे निर्बंध एकाच पानावर आणि एकाच बटणाखाली आणावेत, मग फोन कोणत्याही कंपनीचा असो. तिसरी, आपत्ती आणि आरोग्य यांच्याशी संबंधित ॲपची एक छोटी, जाहीर, छाननी केलेली यादी असावी, आणि त्या यादीतल्या ॲपना न वापरल्याच्या कारणाने झोपवता येऊ नये. अशा ॲपची निवड आरोग्य मंत्रालय आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी करावी. कोणत्याही फोन कंपनीकडे ती नसावी.

केंद्राचा नियम होईपर्यंत राज्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही. अंगणवाडी सेविका, आशा, शेतीचे कर्मचारी यांच्यासाठी राज्य सरकार मोठ्या संख्येने फोन घेते. निविदेत रॅम, पडदा आणि बॅटरी किती असावी हे लिहिता येते, तसेच फोन रात्रभर टेबलावर पडून असताना अमुक सूचना अमुक मिनिटांत वाजली पाहिजे, ही अटही लिहिता येईल, आणि ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ‘दामिनी’ डाउनलोड करा असे सांगणाऱ्या जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात ‘न वापरल्यास ॲपचे काम थांबवा’ हे बटण कसे बंद करायचे, याच्या दोन ओळी आणि एक चित्र छापता येईल. आणि ज्यांच्या फोनमध्ये ते ॲप आधीपासून आहे त्यांच्यासाठी, ते एकदा उघडून बघा आणि स्थानाची परवानगी शाबूत आहे का ते पाहा, एवढे ग्रामसभेत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वळीव सुरू होण्याआधी, सांगता येईल.